काळा बावटा दाखवलात, तर शब्द पाळा

वाचकाचं पत्र:
नमस्कार. गेले आठ महिने मी ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन गेम खेळतोय. चार जणांची आमची कॉर्प, म्हणजे टोळी आहे, लो-सेकमध्ये, म्हणजे कमी सुरक्षेच्या भागात चाचेगिरी करतो. मला नुसती जहाजं फोडायची नाहीत, चाचा म्हणून वावरायचंय. खंडणी मागावी, बोलणी व्हावीत, लोकांनी नाव लक्षात ठेवावं. म्हणून लोकल चॅटमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सगळ्यांना दिसतं तिथे, 'आर्र' वगैरे लिहितो, पण समोरचे उत्तरच देत नाहीत किंवा शिव्या देऊन निघून जातात. मागच्या महिन्यात एका मालवाहूवाल्याने ६० मिलियन इस्क (गेममधलं चलन) भरले आणि तरीही आमच्यातल्या एकाने त्याचं जहाज उडवलं. बाकीचे हसले. तेव्हापासून आमच्या भागात कुणी पैसे देत नाही. हे पात्र सोडून 'कान्होजी' नावाने नवा चाचा सुरू करावा असं मनात आहे. आणखी एक: घर वन-बीएचके, रात्री बोलता येत नाही, आणि सकाळी ७.१२ची लोकल. काय करू?
काळा बावटा, मुलुंड

प्रिय काळा बावटा,

आधी ते ६० मिलियन परत करा. आज रात्रीच, आणि कॉर्पमधल्या कुणी वाटा उचलला नाही तर सगळे तुमच्या वॉलेटमधून. सोबत कसं मेल लिहायचं ते शेवटी देतो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं याच गोष्टीवर अवलंबून आहेत.

तुम्ही घेतलेल्या टोपणनावाचाच अर्थ पाहा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिकमधले चाचे काळा बावटा चढवत, तेव्हा तो एक निरोप असे: आत्ता शरण या, जीव वाचेल. लाल बावट्याचा निरोप वेगळा होता: आता कुणालाच सोडणार नाही. काळा बावटा पाहून व्यापारी जहाज तोफ न डागता थांबायचं, कारण शरण आलेल्याला हे लोक सोडतात ही खात्री बंदराबंदरांत पसरलेली असायची. चाच्यालाही तेच हवं असायचं. लढाई झाली की त्याचीही माणसं मरणार, जहाज फुटणार आणि ज्या मालासाठी आलो तो समुद्राच्या तळाशी जाणार. पैसे घेऊन तुमच्या मित्राने त्या पायलटच्या तोंडाला पानं पुसली, त्या क्षणी तुमच्या चौघांचा बावटा लाल झाला. लाल बावट्याला कुणी खंडणी देत नाही. लोक पळतात किंवा लढतात, आणि तुमच्या भागात तेच चाललंय.

ईव्हमध्ये शब्दाची किंमत आणखी जास्त आहे, कारण खंडणी घेऊन फसवणं तिथल्या नियमांत बसतं. तक्रार केली तरी पैसे परत मिळत नाहीत. समोरच्याला तुमच्या शब्दाखेरीज कसलीही हमी नसते. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर २००३ पासून सगळं जग एकाच सर्व्हरवर खेळतंय, पात्राचं नाव खेळाडूला बदलता येत नाही, कोणत्या कॉर्पमध्ये कधी होतात ते कुणीही तुमच्या माहितीत उघडून पाहू शकतं आणि तुमच्या बहुतेक शिकारी किलबोर्ड या सार्वजनिक यादीत नोंदलेल्या असतात. म्हणून नवं पात्र काढू नका. आठ महिन्यांचं नाव, डागासकट, नव्या कोऱ्या नावापेक्षा मोलाचं आहे. डाग कसा धुतला याचीच गोष्ट होते आणि ती सांगायला साक्षीदार हजर आहेत.

आता समोरचे उत्तर का देत नाहीत ते पाहू. तुमचं जहाज त्यांना चिकटल्यावर त्यांच्याकडे जेमतेम वीसेक सेकंद असतात. त्या वेळात ते पळायची बटणं दाबत असतात, मित्रांना हाका मारत असतात. खासगी संभाषणाचं तुमचं निमंत्रण अनेकांच्या सेटिंगमध्ये आपोआप नाकारलं जातं. आणि लोकलमध्ये त्यांना काय दिसतं? 'आर्र'. त्यावर काय उत्तर द्यायचं हे त्यांनाही कळत नाही. चाच्यांची ती बोली १९५० सालच्या एका चित्रपटातल्या इंग्रज नटाच्या तोंडून जगभर गेली आणि आज ती मुलांच्या वाढदिवसाच्या टोप्यांपुरती उरली आहे. तिच्यातून भीती वाटत नाही, विश्वासही वाटत नाही. मुंबईच्या सिनेमातला 'भाई' आणि त्याचा हप्ताही तिथे नेऊ नका. डेन्मार्कमधल्या खाणवाल्याला तो कळणार नाही, आणि ते पात्र चाच्याचं नव्हेच.

पहिल्या संदेशात तीनच गोष्टी हव्यात: किती, किती वेळात, आणि दिल्यावर काय होईल. सोप्या इंग्रजीत, दोन ओळी, लोकलमध्ये. गेममधल्या नोटपॅडमध्ये आधीच लिहून ठेवा आणि फक्त नाव व आकडा बदलून चिकटवा. मजकूर साधारण असा: 'कॅप्टन अमुक, तोफा थांबवल्या आहेत. ४० मिलियन, ९० सेकंद. दिलेत तर जहाज, माल आणि सात दिवसांचा परवाना तुमचा.' त्या क्षणी तोफा खरोखर थांबलेल्या असायला हव्यात. आपल्यावर मारा थांबला हे समोरच्याला स्वतःच्या पडद्यावर दिसतं आणि तिथेच तो प्रथम तुमच्याकडे माणूस म्हणून पाहतो. आकडा मिलियनमध्येच सांगा. आपल्या डोक्यात चार कोटी असतं आणि घाईत शून्य चुकतं.

तोफा थांबवणं म्हणायला सोपं आहे, आणि सर्वांत जास्त खंडण्या नेमक्या इथेच फसतात. हत्यारं एकदा चालू केली की आपोआप पुन्हा पुन्हा सुटत राहतात, ती हाताने बंद करावी लागतात. ड्रोन 'आक्रमक'वर ठेवले असतील तर तुम्ही टाइप करत असताना ते समोरच्याला संपवून मोकळे होतात. ते आधीच 'पॅसिव्ह'वर टाका आणि खंडणीच्या वेळी परत जहाजात बोलवा. मारा किती करायचा? ढाल उतरेपर्यंत आणि चिलखताला ओरखडा दिसेपर्यंत. तेवढ्याने धोका खरा वाटतो. त्यापुढे गेलात आणि साथीदाराची एक फेरी उशिरा पोचली तर बोलणी व्हायच्या आत स्फोट होतो. गेमचा सर्व्हर दर सेकंदाला एकदाच सगळ्यांच्या आज्ञा हिशेबात घेतो, त्यामुळे 'थांबा' म्हटल्यावरही एखादा फटका बसतोच. तेवढं अंतर राखून थांबा. थांबण्यासाठी एकच शब्द ठरवा. तो उच्चारल्यावर जो मारेल, त्याने ती नुकसानभरपाई स्वतःच्या खिशातून द्यायची.

पकडीचं गणितही नीट माहीत हवं, नाहीतर तुमची मागणी वाचता वाचता शिकार उडून जाते. वॉर्प म्हणजे दूरवर झेप घेऊन निसटणं. ते अडवणारा वॉर्प डिसरप्टर साध्या प्रतीचा २० किलोमीटरपर्यंत आणि सुधारित टेक-२ प्रतीचा २४ पर्यंत पोचतो, पण त्याची ताकद १. स्क्रॅम्बलर साडेसात ते नऊ किलोमीटरवर चालतो, ताकद २, आणि तो समोरच्याचा मायक्रोवॉर्प ड्राइव्ह हे वेग वाढवणारं यंत्रही बंद पाडतो. व्हेंचर या छोट्या खाणजहाजाला जन्मतः २ ची जादा मजबुती असते, डीप स्पेस ट्रान्सपोर्ट जातीच्या मोठ्या मालवाहूंनाही. त्यांच्यावर एकटा स्क्रॅम्बलर पुरत नाही. एकूण ३ ची पकड लागते, म्हणजे तुमचा स्क्रॅम्बलर आणि सोबत्याचा डिसरप्टर मिळून. ब्लॉकेड रनर या लपून जाणाऱ्या मालवाहूचा नाद सोडा. तो लपलेल्या अवस्थेतच वॉर्प करतो आणि त्याच्या मालाचं स्कॅनही होत नाही.

जागा निवडताना गेटचा, म्हणजे एका तारामंडळातून दुसऱ्यात जायच्या दाराचा, मोह टाळा. लो-सेकमध्ये म्हणजे ०.१ ते ०.४ सुरक्षेच्या भागात कॉनकॉर्ड हे गेमचे पोलीस येत नाहीत, पण गेटवरच्या आणि स्टेशनवरच्या तोफा तुमच्यावर सुटतात. तिथे बेकायदा पहिला हल्ला केलात तर हलकं फ्रिगेट काही क्षणांत राख होतं. शिवाय हत्यार चालवल्यावर एक मिनिट तुम्हाला गेट ओलांडता येत नाही, स्टेशनात शिरताही येत नाही. तामा किंवा रॅन्सरसारख्या नावाजलेल्या नाक्यांवर बसणाऱ्या मोठ्या टोळ्यांकडे ते सोसायला जाड कवचाची जहाजं आणि दुरुस्तीची जहाजं असतात. चौघांनी लघुग्रहांचे पट्टे, ग्रह आणि सिग्नेचरच्या, म्हणजे स्कॅन करून शोधाव्या लागणाऱ्या, जागा गाठाव्यात. डिरेक्शनल स्कॅन १४.३ एयूपर्यंत बघतो (१ एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). आधी ३६० अंशांवर कोण आहे ते पाहा, मग कोन आवळत ५ अंशांपर्यंत आणा, म्हणजे तो नेमका कोणत्या पट्ट्यात आहे ते कळतं. इथे संवादालाही वेळ मिळतो. गेटवर दर मिनिटाला तिसरा कुणीतरी येऊन टपकतो आणि बोलणी मोडतात.

सेफ्टीचं बटण, म्हणजे कोणते बेकायदा हल्ले करता येतील ते ठरवणारं, पिवळ्यावर ठेवा. लो-सेकमध्ये जहाजावर हल्ला करायला पिवळं पुरतं; पॉडवर, म्हणजे जहाज फुटल्यावर पायलट ज्यात उरतो त्या कॅप्सूलवर, हल्ला करायला लाल लागतं. पिवळ्यावर असलात की घाईगडबडीत चुकून पॉड फुटणं शक्यच नाही. 'आम्ही पॉड मारत नाही' हा तुमच्या टोळीचा पहिला कायदा करा आणि तो बटणानेच राखा. यात व्यवहारही आहे. पॉड मारल्याने सुरक्षा-दर्जा फार वेगाने घसरतो. दर्जा -२ झाला की सर्वांत सुरक्षित भागातले पोलीस मागे लागू लागतात, -४.५ पर्यंत सगळं हाय-सेक, म्हणजे जास्त सुरक्षेचा भाग, तुमच्यासाठी गरम होतं आणि -५ किंवा त्याखाली कुणीही कुठेही तुम्हाला मारू शकतो. ही खरी चाच्याची अवस्था आहे, ती अभिमानाने मिरवा, पण जीता या मुख्य बाजारातून सामान आणायला एखादा स्वच्छ नावाचा साथीदार ठेवा. दर्जा सुधारायचा झाला तर क्लोन सोल्जर या गेममधल्या शत्रूंकडून मिळणारे टॅग आणि इस्क भरून तो वर आणता येतो.

आकडा किती मागायचा? तुमच्या पत्रातली ६० मिलियनची रक्कम कशावरून ठरवली ते लिहिलेलं नाही, आणि बहुतेक चाचे अंदाजपंचेच सांगतात. मालाचा स्कॅनर एका जहाजावर लावाच. समजा माल १०० मिलियनचा आणि जहाज साहित्यासह २० चं. ते फोडलंत तर प्रत्येक वस्तू वाचण्याची शक्यता साधारण निम्मी, म्हणजे सरासरी पन्नास-पंचावन्न मिलियनचा माल तरंगत राहणार. तो उचलायला पुन्हा मालवाहू आणावं लागणार, कारण फ्रिगेटच्या पोटात जागा कितीशी असते. उचलेपर्यंत दुसरं कुणी येणार. समोरच्याचं नुकसान मात्र विम्याचे थोडे पैसे वजा जाता जवळपास १२० चं. या दोन आकड्यांमुळे मध्ये भरपूर जागा आहे. ३५ ते ४० मागा. त्याला तिप्पट वाचल्याचं समाधान, तुम्हाला लढाईविना रोकड. ८० मागितलेत तर तो 'फोड मग' म्हणेल, आणि ते बरोबरच असेल.

दरवेळी पैसेच मागायला हवेत असं नाही. १७१८ साली ब्लॅकबिअर्डने चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली, जहाजं पकडली, ओलीस ठेवले आणि मागितली ती औषधांची पेटी. तीनशे वर्षांनी लोकांना ती पेटी आठवते. तुमच्याही पात्राला अशी एक विचित्र, ठाम गरज द्या. ईव्हच्या बाजारात अँटिबायोटिक्स आणि स्पिरिट्स हे साधे व्यापारी माल आहेत. 'अँटिबायोटिक्स नेत असशील तर फुकट जा, नाहीतर मालाचा पाचवा हिस्सा बाहेर टाक' असं म्हणणारा चाचा लक्षात राहतो. माल टाकायला सांगायचं तर 'जेटिसन' म्हणा. बाहेर पडणाऱ्या डब्यात २७,५०० घनमीटर मावतात, म्हणजे मोठा हिस्साही एकाच डब्यात येतो.

पैसे कसे द्यायचे हे अनेकांना ठाऊक नसतं, विशेषतः नव्यांना. दुसरा संदेश त्यासाठी तयार ठेवा: माझ्या नावावर राइट-क्लिक करा, 'गिव्ह मनी' निवडा. वॉलेटमध्ये रक्कम दिसली की लगेच, काहीही न बोलता, आधी स्क्रॅम्बलर बंद करा. मग आभार माना. क्रम उलटा केलात तर त्या चार सेकंदांत त्याचा जीव टांगणीला लागतो आणि सौद्याची गोडी जाते. समोरचा पायलट महिना-दोन महिन्यांचा दिसला, हे त्याच्या माहितीतल्या नोंदींत कळतं, तर नाममात्र एक मिलियन घेऊन सोडा आणि तुम्ही त्याला कसं गाठलंत ते दोन ओळींत सांगा. तोच पुढे तुमचं नाव पसरवतो. नकार मिळाला तर मात्र जहाज फोडायचंच. धमकी पोकळ निघाली की पुढची शिकार ९० सेकंद निवांत मित्रांची वाट पाहत बसते. फोडा, पॉड जाऊ द्या, एकच वाक्य लिहा. हसू नका, चिडवू नका.

आता कान्होजींबद्दल. नाव घेऊ नका, पण त्यांच्याकडून रीत घ्या. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. मुंबईत नौदलाच्या तळाला आज त्यांचंच नाव आहे. त्यांना चाचा ठरवलं ते मुंबईच्या इंग्रजांनी, कारण कोकणच्या पाण्यातून जायचं तर सरखेलांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्या, ही अट इंग्रजांना मान्य नव्हती. दस्तक असलेल्या जहाजाला हात लागत नसे, नसलेलं धरलं जाई. १७१२ साली मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका पकडली गेली. तिच्यावरची इंग्रज बाई कैद झाली आणि पुढे ३०,००० रुपये घेऊन तिला सुखरूप परत पाठवण्यात आलं. पैसे घेतले, शब्द पाळला. मराठी माणसाने त्या नावावर 'आर्र' लिहू नये हे आम्ही मनापासून सांगतो. पण स्वतःला चाचा न मानणारा माणूस, जो म्हणतो 'हे पाणी माझं आहे, तुम्ही कर बुडवून चालला आहात', हे पात्र कितीतरी खोल आहे. तुमचा कॅप्टन लुटतो असं म्हणणारच नाही. तो जकात घेतो, पावती देतो, आणि इतर टोळ्यांपासून तुम्हाला राखतो.

पावती म्हणजे तुमच्या पहिल्या संदेशातला तो सात दिवसांचा परवाना. तो गेममध्ये प्रत्यक्ष उतरवता येतो. ज्याने पैसे भरले त्याला कॉर्पच्या काँटॅक्ट्समध्ये +५ द्या, 'दस्तक' नावाचं लेबल लावा आणि नोंदीत मुदतीची तारीख लिहा. मग चौघांच्याही ओव्हरव्ह्यूत, म्हणजे आसपासच्या जहाजांच्या यादीत, तो निळा दिसतो, आणि शिकारीच्या धुंदीतही कुणाचं बोट चुकत नाही. दर रविवारी मुदत संपलेली नावं काढा. हे काम एकाकडेच सोपवा. चौघांकडे असलं की कुणाकडेच नसतं आणि महिन्याभरात निम्मी यादी कालबाह्य झालेली असते. दस्तकवाल्या जहाजाला दुसऱ्या टोळीने तुमच्या भागात अडवलं, तर धावून जा. एकदा जरी असं झालं, तर पुढची खंडणी मागण्याआधीच मिळते.

पात्राची पार्श्वभूमी ईव्हच्या जगातूनच घ्या, तिथे तयार माती आहे. गुरिस्ता या चाचेटोळीचे संस्थापक म्हणजे कॅल्डारी राज्याचं नौदल सोडून आलेले दोन अधिकारी. एंजल कार्टेल म्हणजे संघटित धंदा, सर्पेंटिस अमली द्रव्यांचे व्यापारी, ब्लड रेडर्स रक्ताचा पंथ. नोव्हेंबर २०२३ पासून गुरिस्तांच्या किंवा एंजल कार्टेलच्या बाजूने थेट भरतीही होता येतं. तुमच्या करवसुली करणाऱ्या कॅप्टनला गुरिस्ता शोभतात, शिस्त नौदलाची आणि निष्ठा स्वतःची. आणि एक धागा फार कमी लोक वापरतात. कॅप्सूलवाला पायलट मेला तर क्लोनमध्ये जागा होतो, पण त्या विश्वाच्या कथेत प्रत्येक मोठ्या जहाजावर खलाशी असतात, आणि ते परत येत नाहीत. 'तुम्ही उद्या नव्या अंगात उठाल. तुमच्या खालच्या डेकवरची माणसं उठणार नाहीत. त्यांच्यासाठी ४० मिलियन.' हे वाक्य कुठल्याही बोलीवाचून चाच्याचं आहे, आणि वाचणारा क्षणभर थांबतो.

पात्राबाहेर काही सांगायचं असेल तर दुहेरी कंसात लिहा. भूमिका निभावणारे ते ओळखतात. समोरच्याला खेळ नको असेल, तो खरोखर वैतागला असेल, तर कंसात एक साधं वाक्य लिहून प्रसंग आटोपा. खंडणी म्हणून कुणाला व्हॉइस चॅनलवर खेचून गाणं म्हणायला लावणं, त्याच्या देशावरून, आवाजावरून, बाईमाणूस आहे यावरून बोलणं, हा छळ आहे आणि त्यासाठी खाती बंद होतात. खऱ्या पैशात, यूपीआयवर किंवा कसंही, काही मागणं तर सरळ बंदी ओढवून घेणं आहे.

तुमच्या तीन साथीदारांशी बसून बोला, शक्यतो समोरासमोर. त्यांना किलमेल, म्हणजे जहाज फोडल्याची नोंद, हवे असतात आणि खंडणीने किलमेल मिळत नाही. त्यांचा हसण्यामागचा खरा हिशेब हा आहे, आणि तो चुकीचा नाही. मग वाटणी अशी करा की खंडणीतही त्यांना रस वाटेल. चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरच्या कलमांत कॅप्टन आणि क्वार्टरमास्टरला दोन वाटे, तोफखान्याच्या प्रमुखाला दीड, साध्या खलाशाला एक असं ठरलेलं होतं. तुमच्या चौघांत कॅप्टनला दोन, जो धोका पत्करून आधी चिकटतो त्याला दीड, बाकी दोघांना एकेक, म्हणजे साडेपाच वाटे. ४० मिलियनमध्ये कॅप्टनला साधारण साडेचौदा, चिकटणाऱ्याला अकराच्या आसपास, बाकीच्यांना सव्वासात-सव्वासात. आणि आठवड्यातली एक रात्र सरळ शिकारीची ठेवा, खंडणी नाही, बोलणी नाही, बावटा लाल, पण ते आधी लोकलमध्ये जाहीर करून. एवढं करूनही ज्याला पैसे घेऊन मारायचंच असेल, त्याला प्रेमाने दुसरी कॉर्प शोधायला सांगा.

वेळेचं पाहू. गेमचं घड्याळ यूटीसीवर चालतं. रोज ११ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, सर्व्हर थोडा वेळ बंद होतो. युरोपची गर्दी संध्याकाळी सात-आठनंतर, म्हणजे आपल्या मध्यरात्री साडेबारा-दीडनंतर. ७.१२ धरणाऱ्याने त्या गर्दीच्या मागे लागू नये. आपल्याकडे रात्री साडेनऊ ते साडेअकरा म्हणजे लंडनमध्ये दुपार-संध्याकाळची सुरुवात. एकेकटे खाणवाले आणि मालवाहू याच वेळी हिंडतात आणि त्यांना बोलायला उसंत असते. शनिवारी दुपारी ऑस्ट्रेलियाचे लोक मिळतात. सर्व्हर लंडनला असल्याने मुंबईहून शंभर-दीडशे मिलिसेकंदांचं अंतर पडतं, पण सेकंदाच्या ठोक्यावर चालणाऱ्या खेळात त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लाइन तुटल्याने. कुणावर हल्ला केल्यानंतर संपर्क गेला तर तुमचं जहाज पंधरा मिनिटं तिथेच उघडं राहतं. पावसाळ्यात राउटरला छोटा यूपीएस लावा.

वन-बीएचकेत बोलता येत नाही, हे तुमच्या कामासाठी वरदान समजा. चाचाची सगळी बोलणी लिहूनच होतात. टोळीशी बोलताना पुश-टू-टॉक ठेवा, हेडफोनात ऐका, आणि तुमच्या बाजूने चार ठरलेले शब्द चॅटमध्ये टाका: आलो, धरला, थांबा, सोडा. मेकॅनिकल कीबोर्ड असेल तर रात्री साधा वापरा. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना टकटक आवाजाने जाग येते, आणि मग दुसऱ्या दिवशी खेळच बंद होतो.

आणि ते मेल. पात्रात राहूनच लिहा, लांबण लावू नका, सबबी सांगू नका, ज्याने मारलं त्याचं नाव घेऊ नका. टोळीचा शब्द कॅप्टनचा असतो. रक्कम पाठवून झाल्यावर हे पाठवा: 'मागच्या महिन्यात तुम्ही जकात भरली आणि माझ्या माणसांनी तरीही तोफ डागली. तुमचे ६० मिलियन परत केले आहेत. बुडालेल्या जहाजाची किंमत कळवा, तीही पोचेल. तीस दिवस या पाण्यात तुमचं नाव आमच्या दस्तकात आहे. कुणी अडवलं तर मला हाक मारा.' त्याने जहाजाची किंमत कळवलीच, तर ती घासाघीस न करता भरा.